राजाची नाटकमंडळी आणि महामारीची वर्षे

नाटक ही गर्दीवर जगणारी कला आहे. कवीला एक कागद पुरतो, चित्रकाराला एक भिंत पुरते, गवयाला चार जाणते श्रोते मिळाले तरी त्याची मैफल रंगते. नाटकमंडळीला मात्र शेकडो माणसे एकाच वेळी, एकाच आवारात, खांद्याला खांदा लावून बसलेली लागतात. साथीच्या रोगालाही नेमके हेच हवे असते. म्हणूनच साथ आली, की राज्यकर्त्यांच्या हुकुमांत नाटकगृहाचे नाव फार वर येते आणि निर्बंध उठू लागले, की ते फार खाली जाते. बाजार उघडतो, कचेऱ्या उघडतात, देवळेही उघडतात. नाटकाचा पडदा सर्वांच्या शेवटी वर जातो.

२०२० साली ही गोष्ट साऱ्या जगाने अनुभवली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात नाटकगृहे बंद पडू लागली, तेव्हा एक समाधानाचे वाक्य जगभर फिरू लागले : शेक्सपिअरने प्लेगच्या काळात घरी बसून ‘किंग लिअर’ लिहिले. या वाक्यात दिलासा होता आणि थोडा टोमणाही होता. शेक्सपिअरला जे जमले, ते तुम्हांला का जमू नये, असा त्याचा ध्वनी होता. इतिहासाच्या कागदांकडे पाहिले, तर मात्र चित्र निराळे दिसते. ‘लिअर’ची रचना बहुतेक अभ्यासक १६०५-०६ च्या सुमाराची मानतात, १६०६ ची साथ त्या वर्षीच्या जुलैपासून वाढली आणि डिसेंबरच्या २६ तारखेस ते नाटक राजासमोर झाले. लीड्स बॅरोल या अमेरिकन संशोधकाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तर असे मत मांडले, की नाटकगृहे बंद असताना शेक्सपिअर बहुधा नाटके लिहीतच नसे. खेळ होण्याची शक्यता दिसू लागली, की त्याची लेखणी चाले. हे मत सर्वांस मान्य नाही. परंतु त्यातून एक प्रश्न पुढे येतो, तो महत्त्वाचा आहे. साथीच्या काळात एका लेखकाने काय केले, यापेक्षा त्याच्या मंडळीने काय केले? कारण लेखक एकटा तगून राहू शकतो. मंडळी तगण्यासाठी पुष्कळांनी एकत्र राहावे लागते.

१

सोळाव्या शतकाच्या अखेरीचे लंडन हे सुमारे दोन लाख वस्तीचे, अरुंद गल्ल्यांचे शहर होते. प्लेग तेथे अधूनमधून घर करूनच असे आणि काही वर्षांनी एकदम उसळे. नगरपालिकेतील पुढाऱ्यांना नाटके मुळातच आवडत नसत. त्यांच्या मते नाटकगृह म्हणजे उनाड नोकर, खिसेकापू आणि चारित्र्यहीन माणसे यांचा अड्डा. १५७७ साली टॉमस व्हाइट नावाच्या धर्मोपदेशकाने लंडनच्या सेंट पॉल देवळासमोरच्या प्रवचनात या विरोधाला तर्काचे रूप दिले : प्लेगचे कारण पाप, पापाचे कारण नाटके, म्हणून प्लेगचे कारण नाटके. हा तर्क आज हास्यास्पद वाटतो. गर्दीतून रोग पसरतो ही त्यातली व्यावहारिक बाजू मात्र खरी होती.

दुसऱ्या बाजूला राणीचे सल्लागार मंडळ, म्हणजे प्रिव्ही कौन्सिल. नाताळच्या सणात राणीला करमणूक हवी आणि त्यासाठी नट तयारीचे हवेत. तेव्हा नटांनी वर्षभर लोकांसमोर खेळ करणे ही राणीपुढील प्रयोगाची तालीमच होय, अशी भूमिका कौन्सिलने अनेकदा घेतली. हजारो लोक पैसे देऊन जो खेळ पाहत, तो सरकारी कागदावर राणीच्या सेवेची तालीम म्हणून नोंदला जाई. सरकारी टिपणीची भाषा ज्यांच्या परिचयाची आहे, त्या वाचकांना या युक्तीचे नवल वाटू नये.

या दोन पक्षांमध्ये हळूहळू एक आकडा उभा राहिला. लंडनमध्ये दर आठवड्याला पॅरिशवार मृत्यूंची यादी निघत असे आणि त्यात प्लेगचे बळी वेगळे दाखवीत. १६०४ च्या एप्रिलमध्ये कौन्सिलने लंडनच्या महापौरास आणि शेजारच्या परगण्यांतील न्यायाधीशांस पत्र पाठवून राजाच्या, राणीच्या व राजपुत्राच्या अशा तीन मंडळ्यांना खेळाची परवानगी दिली. अट अशी, की आठवड्यात प्लेगने मरणाऱ्यांची संख्या तीसवर जाता कामा नये. पुढे ही मर्यादा चाळीस झाली. म्हणजे मंडळीचे भवितव्य दर आठवड्याच्या यादीतील एका रकान्यावर लटकत होते. एकतीस मेले, की पडदा पडे. २०२० नंतर बाधितांच्या दैनिक आकड्यांवरून नाटकगृहांच्या चाव्या फिरत होत्या, तेव्हा या जुन्या रकान्याचेच नवे रूप आपण पाहत होतो.

२

बंदी आली, की मंडळीपुढे पहिला मार्ग असे तो फिरतीचा. १५९२ च्या जूनमध्ये लंडनच्या दक्षिण भागात दंगा झाला, म्हणून नाटकगृहे बंद झाली. पाठोपाठ प्लेग आला आणि हिवाळ्यातील थोडे आठवडे सोडले, तर १५९४ पर्यंत ती उघडली नाहीत. त्या काळात लॉर्ड स्ट्रेंज याची मंडळी गावोगाव हिंडली. तिचा प्रमुख नट एडवर्ड अ‍ॅलिन याने १५९३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलहून आपल्या पत्नीस, जोन हिला, लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. ते वाचताना चारशे वर्षांचे अंतर राहत नाही. घर स्वच्छ ठेव, दारासमोर पाणी टाकत जा, खिडक्यांत औषधी पाला ठेव, असे तो सांगतो. सप्टेंबर आला, की बागेतला अमुक वाफा पालकाचा कर, असेही सांगतो. आपले नारिंगी मोजे हिवाळ्यासाठी काळे रंगवून घ्यायलाही सुचवितो. आणि पुढची पत्रे श्रूसबरी, चेस्टर किंवा यॉर्क येथे, मंडळी येईपर्यंत ठेवून घ्यावीत अशा सूचनेने पाठव, असे कळवितो. पुढचा मुक्काम निश्चित नाही, मागे घरात साथ आहे आणि माणूस वाफ्यातल्या पालकाचा विचार करीत आहे! परगावी राहून पत्रातून संसार चालविणे ज्यांच्या नशिबी आले आहे, त्यांना या मजकुराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

ही काळजी पोकळ नव्हती. अ‍ॅलिनचा सासरा फिलिप हेन्स्लो हा रोझ नाटकगृहाचा मालक. त्याने जावयाला लिहिलेल्या पत्रांत लंडनची वार्ता आहे. रॉबर्ट ब्राउन हा नट त्या वेळी जर्मनीकडे खेळ करीत फिरत होता. इकडे शोरडिचमध्ये त्याची बायको, मुले आणि घरातली सारी माणसे प्लेगने दगावली. साथीपासून दूर गेलेला नट वाचला आणि ज्या घरासाठी तो पैसे मिळवीत होता ते घर नाहीसे झाले.

त्याच्या पत्रांत दुसरीही एक बातमी आहे. अर्ल ऑफ पेम्ब्रोक याची मंडळी पाच-सहा आठवड्यांपूर्वीच घरी परतली. फिरतीचा खर्चही निघेना, म्हणून तिला आपले कपडे गहाण टाकावे लागले. हे वाक्य सहज लिहिलेले असले, तरी नाटकधंद्याच्या दृष्टीने ते मृत्युपत्रच होय. त्या काळी मंडळीची खरी संपत्ती कपडेपटात असे; एका भरजरी झग्याची किंमत कित्येक नव्या नाटकांच्या किमतीहून अधिक भरे. कपडे गेले, की राजा राजा दिसत नाही. त्यानंतर या मंडळीची नाटके छापलेली बाजारात दिसू लागली. मंडळी चालू असताना नाटकाची वही सहसा बाहेर जाऊ देत नसत. मंडळी मोडली, म्हणून वह्या छापखान्यात गेल्या. वाङ्मयाच्या इतिहासकाराला जो लाभ वाटतो, तो एका मंडळीच्या दिवाळ्याचा अवशेष असू शकतो.

फिरती हा मार्ग आपल्याला वाटतो तितका सुखाचा नव्हता. लंडनहून आलेल्या माणसांबरोबर लंडनचा रोगही येईल, या भीतीने काही गावे नटांना थोडे पैसे देत आणि खेळ न करताच पुढे जा म्हणत. शिवाय मंडळी मोठी. स्ट्रेंजच्या मंडळीने कौन्सिलकडे केलेल्या एका अर्जात म्हटले होते, की आम्ही पुष्कळ आहोत, प्रवासाचा खर्च सोसवत नाही आणि असेच चालले तर मंडळी फुटेल. त्याच सुमारास थेम्स नदीवरील नावाड्यांनीही रोझ नाटकगृह उघडावे म्हणून अर्ज केला. प्रेक्षकांना नदीपार नेण्यावर त्यांची चूल पेटत होती. नाटकगृह बंद पडले, की नटांपलीकडे किती घरांत अंधार होतो, याची ही लेखी साक्ष आहे.

शेक्सपिअरने या दोन वर्षांत काय केले? त्याने ‘व्हीनस अँड अडोनिस’ आणि ‘ल्यूक्रीस’ ही दोन काव्ये लिहिली. ती १५९३ व १५९४ साली छापली गेली आणि दोन्ही त्याने अर्ल ऑफ साउदॅम्प्टन या तरुण सरदारास अर्पण केली. नाटकगृह बंद, तर छापखाना. प्रेक्षक नाही, तर आश्रयदाता. हा लेखकाचा मार्ग होता आणि तो त्याला साधला. परंतु १५९४ मध्ये नाटकगृहे उघडताच तो काव्याच्या सुरक्षित धंद्यात राहिला नाही. नव्याने उभ्या राहिलेल्या लॉर्ड चेंबरलेनच्या मंडळीत भागीदार होऊन तो परतला.

३

ही भागीदारी आपल्याकडील जुन्या नाटकमंडळ्यांची माहिती असणाऱ्यास लवकर समजेल. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा प्रमुख नटच मालक झाले आणि बाकीचे पगारी राहिले. चेंबरलेनच्या मंडळीचा ढाचाही असाच होता. काही मुख्य नट भागीदार; नाटके, कपडे आणि उत्पन्न ही त्यांची सामाईक मालमत्ता. त्यांच्या हाताखाली आठवड्याच्या पगारावरचे नट, वाद्ये वाजविणारे, वह्या सांभाळणारे, दारावर पैसे गोळा करणारे आणि स्त्रीभूमिका करणारी उमेदवार मुले. मंडळी तगली असे आपण म्हणतो, तेव्हा यांपैकी कोण तगले, हा प्रश्न विचारला पाहिजे.

एलिझाबेथ राणी १६०३ च्या मार्चमध्ये वारली. नव्या जेम्स राजाने १९ मे रोजी सनद देऊन चेंबरलेनची मंडळी आपल्या नावावर घेतली. सनदेत नऊ जणांची नावे आहेत. त्यांत शेक्सपिअर आहे, रिचर्ड बर्बेज आहे, जॉन हेमिंग्ज आहे. ग्लोब नाटकगृहात खेळ करण्याची परवानगी आहे. पण प्लेगचा जोर कमी झाल्यावर, हे शब्दही तेथेच आहेत. त्या वर्षी लंडनमध्ये प्लेगने तीस हजारांवर माणसे मेली. राजाचा राज्याभिषेक जुलैत मोजक्या लोकांत उरकला आणि शहरातून निघावयाची मिरवणूक पुढच्या मार्चपर्यंत लांबली. राजाचे नट म्हणून मिरवण्याचा मान ज्या वर्षी मिळाला, त्याच वर्षी त्यांच्या नाटकगृहास टाळे होते.

येथून मंडळीच्या निर्वाहाची दुसरी रीत दिसते. राजा स्वतः साथीपासून दूर खेड्यांतील वाड्यांत राहत होता. डिसेंबरमध्ये तो विल्टन येथे अर्ल ऑफ पेम्ब्रोकच्या वाड्यात असताना मंडळी मॉर्टलेकहून तेथे गेली, २ तारखेस खेळ केला आणि तिला ३० पौंड मिळाले. पुढे १६०४ च्या फेब्रुवारीत बर्बेजच्या नावे आणखी ३० पौंडांची नोंद आहे, आणि ती अधिक महत्त्वाची. कारण ती कोणत्याही खेळाबद्दल नाही. मोठ्या जमावामुळे प्लेग पुन्हा वाढण्याचा धोका असल्याने या मंडळीस लंडनमध्ये खेळ करण्यास मनाई आहे, म्हणून तिच्या निर्वाहासाठी ही रक्कम, असा तिचा आशय आहे. ज्या सत्तेने बंदी घातली, तिनेच बंदीमुळे बुडालेल्या धंद्याची भरपाई अंशतः करावी, हे तत्त्व या एका ओळीत सरकारी हिशेबात उतरले आहे.

१६०८ ते १६१० च्या दीर्घ साथीत या रीतीला आणखी एक वळण मिळाले. १६०९ मध्ये हेमिंग्जच्या नावे ४० पौंड आणि १६१० मध्ये ३० पौंड दिल्याची नोंद आहे. कारण असे, की साथीत मंडळीने खासगी रीतीने तालमी चालू ठेवल्या आणि त्यामुळे नाताळात राजापुढे खेळ करण्यास ती तयार राहिली. पूर्वी सार्वजनिक खेळाला तालीम म्हणत. आता खरोखरच्या तालमीला पैसे मिळू लागले. तालीम बंद पडली, की नट इकडेतिकडे पांगतात, पाठ केलेल्या नकला विसरतात, तरुण मुलांचे आवाज फुटतात आणि त्यांच्या जागी कोणी तयार होत नाही. बंद दाराआड चाललेली तालीम ही मंडळीची नाडी होती, आणि ती चालू राहावी एवढे शहाणपण राजाच्या खजिन्याने दाखविले.

याच काळात मंडळीने दूरवर परिणाम करणारे एक धाडस केले. ब्लॅकफ्रायर्स येथील बंदिस्त सभागृह बर्बेजच्या बापाने १५९६ मध्येच ६०० पौंडांना विकत घेतले होते. शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे मंडळीला तेथे खेळता येईना, म्हणून ते मुलांच्या एका मंडळीला भाड्याने दिलेले होते. त्या मंडळीवर राजाची इतराजी झाली आणि ऑगस्ट १६०८ मध्ये जागा परत मिळाली. ९ तारखेस सात भागीदारांनी करार केला. त्यांत शेक्सपिअर होता आणि विल्यम स्लाय हा जुना नटही होता. आठवड्याभरात, १६ तारखेस, स्लायचे दफन झाले. नाटकगृहे बंदच होती. तेथे राजाच्या मंडळीचे नियमित खेळ सुरू व्हायला १६०९ ची अखेर, कदाचित १६१० उजाडले. म्हणजे ज्या वेळी एक पैशाचेही उत्पन्न नव्हते, त्या वेळी या माणसांनी नव्या नाटकगृहात पैसा गुंतविला! राजाचा हात पाठीशी नसता, तर हे धैर्य त्यांना झाले असते काय, याची शंका वाटते.

नव्या जागेने नाटकही बदलले. ग्लोब उघड्या आकाशाखालचे, एका पेनीत उभे राहून पाहावयाचे. ब्लॅकफ्रायर्स छपराचे, मेणबत्त्यांच्या उजेडातले आणि कमीत कमी सहा पेन्सांचे. मेणबत्त्यांच्या वाती कापण्यासाठी अंकांच्या मध्ये थांबावे लागे, त्या वेळी संगीत चाले. पुढे उन्हाळ्यात ग्लोब आणि हिवाळ्यात ब्लॅकफ्रायर्स असा मंडळीचा क्रम पडला. शेक्सपिअरच्या अखेरच्या नाटकांत जे संगीत, जी शांत अद्भुतता आढळते, तिचा या जागेशी संबंध अनेक अभ्यासक जोडतात. परंतु सहा पेन्स देऊ न शकणारा प्रेक्षक हिवाळ्यात या मंडळीच्या दारापासून दूर झाला, ही नोंदही तिच्याशेजारीच करावी लागेल.

आणि पगारी माणसे? १६०३ च्या सनदेत ती आहेत. पण ‘आणि त्यांचे इतर सहकारी’ एवढ्या शब्दांत. ३० पौंडांतून त्यांना काय मिळाले, ते खजिन्याच्या वहीत लिहिलेले नाही. एका ठिकाणी मात्र ती दिसतात. भागीदार नट ऑगस्टिन फिलिप्स १६०५ साली वारला. त्याने मृत्युपत्रात शेक्सपिअरला तीस शिलिंगांचे सोन्याचे नाणे ठेवले, आपल्या जुन्या शिष्यास पैसे, कपडे व एक वाद्य ठेवले आणि मंडळीतील पगारी माणसांसाठी पाच पौंड ठेवले. ते सर्वांस सारखे वाटावेत अशी सूचना केली. राजाच्या हिशेबात जे नाहीत, ते एका नटाच्या अखेरच्या इच्छेत आहेत.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १६३६ च्या मे महिन्यापासून सुमारे सतरा महिने नाटकगृहे बंद राहिली. चार्ल्स राजाने आपल्या मंडळीस दरबाराजवळ एकत्र राहण्याचा हुकूम दिला आणि आठवड्यास वीस पौंड बांधून दिले. राणीच्या नावाने चालणारी मंडळी त्याच साथीत मोडली. राजाची मंडळी टिकली खरी. पण ज्या दोरीने ती तरली, त्याच दोरीने ती राजाशी बांधली गेली. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. २ सप्टेंबरला पार्लमेंटने नाटके बंद केली आणि ती बंदी अठरा वर्षे टिकली. चाळीस वर्षांच्या प्लेगला जी मंडळी पुरून उरली, ती आश्रयदात्याबरोबर बुडाली.

४

१६ मार्च २०२० रोजी ब्रिटनच्या पंतप्रधानांनी लोकांना नाटकगृहे टाळण्याचा सल्ला दिला आणि त्याच संध्याकाळी लंडनचे पडदे खाली आले. थेम्सच्या त्याच दक्षिण तीरावर, जुन्या ग्लोबच्या जागेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, नॅशनल थिएटरची इमारत आहे. या संस्थेने पुढच्या वर्षभरात जे केले, त्यात जुन्या मंडळीच्या बहुतेक साऱ्या युक्त्या नव्या वेषात दिसतात.

पेम्ब्रोकच्या मंडळीने वह्या विकल्या. नॅशनल थिएटरने आपल्या प्रयोगांची चित्रणे बाहेर काढली. २००९ पासून ही संस्था आपले प्रयोग चित्रपटगृहांत दाखवीत होती, म्हणून उत्तम प्रतीचा साठा हाताशी होता. २ एप्रिल २०२० पासून सोळा आठवडे, दर आठवड्यास एक, अशी ही नाटके घरबसल्या विनामूल्य पाहावयास मिळाली आणि ती दीड कोटीहून अधिक वेळा पाहिली गेली. डिसेंबरात तिने वर्गणीवर चालणारे कायमचे दालनच उघडले. येथे फरक ध्यानात घ्यावा. पेम्ब्रोकच्या मंडळीने गहाण टाकले ते गेले. या संस्थेने दाखविले ते तिच्यापाशीच राहिले. ज्याने सुबत्तेच्या दिवसांत साठवण केली, त्यालाच दुष्काळात देता आले.

दुसरी युक्ती जागा बदलण्याची. संस्थेच्या सर्वांत मोठ्या प्रेक्षागृहात रंगमंच मधोमध आणून सभोवती अंतराअंतरावर खुर्च्या मांडल्या. आसने निम्म्याहून कमी झाली. तेथे एका नटाचे नाटक लावले : ‘डेथ ऑफ इंग्लंड : डेल्रॉय’. एकच नट, म्हणजे रंगमंचावर संसर्गाचा प्रश्न नाही. ४ नोव्हेंबरला त्याचा पहिला अधिकृत प्रयोग झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून देशात पुन्हा टाळेबंदी. पहिलाच प्रयोग शेवटचा ठरला. त्या रात्री त्याचे चित्रण केलेले होते, म्हणून ते नाटक पुढे लोकांना दिसले तरी.

तिसरी युक्ती बंद दाराआडच्या कामाची. उन्हाळ्यात व्हावयाचे ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ रद्द झाले होते. मंडळीने रिकाम्या नाटकगृहात सतरा दिवसांत त्याचे चित्रण केले आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ते दूरचित्रवाणीवर आले. या निवडीत एक योगायोग आहे. त्या नाटकात ज्युलिएटची योजना रोमिओला कळविणारे पत्र पोहोचत नाही, कारण पत्र नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो. दोन कोवळ्या जीवांचा अंत होतो तो घराण्यांच्या वैरामुळे, हे आपण पाठ केलेले असते. पण घाव घालतो तो साथीचा एक सरकारी निर्बंध. १५९३ पाहिलेल्या प्रेक्षकाला हे स्पष्टीकरण करून सांगावे लागले नसेल. २०२१ मधील प्रेक्षकालाही लागले नाही.

आणि पैसा? ब्रिटिश सरकारने जुलै २०२० मध्ये कला व संस्कृतीसाठी एकशे सत्तावन्न कोटी पौंडांची योजना जाहीर केली. त्यातून नॅशनल थिएटरला सुमारे एक कोटी सत्त्याण्णव लाख पौंड मिळाले. पण ते कर्ज होते, परत करावयाचे. जेम्स राजाचे ३० पौंड बक्षीस होते. आज नव्याने बांधलेल्या ग्लोबला सरकारचे नियमित अनुदान नाही. मे २०२० मध्ये त्या संस्थेने पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले, की मदत न मिळाली तर आम्ही दिवाळ्यात निघू. शरद ऋतूत तिला सुमारे तीस लाख पौंडांचे साहाय्य मिळाले आणि ती वाचली.

याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नॅशनल थिएटरने सुमारे ४०० हंगामी माणसांना कामावरून कमी केले. दारावर तिकिटे पाहणारे, प्रेक्षकांना जागा दाखविणारे आणि पडद्यामागे राबणारे असे हे लोक. शिवाय प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार, नट असे हजारो कलावंत कोणत्याच संस्थेच्या पटावर नसतात. प्रत्येक नाटकापुरता त्यांचा करार असतो. संस्थेला मदत मिळाली, तरी तिच्या पटावर नसलेल्याच्या घरी ती पोहोचली नाही. १६०४ च्या वहीतला तो कोरा भाग २०२० मध्येही कोराच राहिला.

५

आपल्याकडेही ही कथा निराळी नव्हती. महाराष्ट्रातील नाट्यगृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली. ५ नोव्हेंबरपासून निम्म्या आसनांवर उघडण्याची परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, ती पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबरला परत उघडली. महाराष्ट्राबाहेरील मंडळांतही गणेशोत्सवातला नाट्यप्रयोग त्या वर्षी बहुतेकांना करता आला नाही. साऱ्या देशात या निर्बंधांमागे ज्या कायद्याचा आधार घेतला गेला, तो १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगमुळेच जन्मला होता. त्या कायद्यात बंदी घालण्याचे अधिकार आहेत, मोडणाऱ्यास शिक्षा आहे, अधिकाऱ्यास संरक्षण आहे. बंदीमुळे ज्याची रोजी बुडते, त्याच्याबद्दल त्याच्या मूळ कलमांत शब्द नाही.

साथीत नाटकगृहे बंद करू नयेत, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. लंडनचे नगरपिते नाटकाचा द्वेष करीत होते, तरी गर्दी थांबवावी हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. प्रश्न बंदीच्या पुढच्या ओळीचा आहे. शेक्सपिअरच्या मंडळीने साथीवर मात केली ती एकट्या प्रतिभेच्या बळावर नव्हे. तिच्याकडे सामाईक मालमत्ता होती, जुनी नाटके होती, एकत्र राहण्याची शिस्त होती आणि बंदीच्या हुकुमाबरोबर निर्वाहाचा हुकूम काढणारा राजा होता. यांतील पहिल्या तीन गोष्टी पेम्ब्रोकच्या मंडळीपाशीही थोड्याबहुत असाव्यात. चौथी नव्हती, आणि तिचे कपडे गहाण पडले. राजाच्या मंडळीची पुढची गती पाहता, ही चौथी गोष्ट एका धन्याच्या मर्जीवर असण्यापेक्षा नियमाने बांधलेली असणे बरे, हेही ध्यानात येते.

आपण जी नाटके आज वाचतो, त्यांपैकी पुष्कळशी एका मंडळीने जपलेल्या वह्यांमुळे आपल्या हाती आली. हेमिंग्ज आणि काँडेल या दोघा भागीदारांनी १६२३ मध्ये शेक्सपिअरची छत्तीस नाटके एकत्र छापविली. त्यांतील अठरा तोपर्यंत छापलेलीच नव्हती. १६०३-०४ च्या हिवाळ्यात मंडळी फुटली असती, तर ‘ऑथेल्लो’ घडले असते काय आणि १८९० साली देवलांच्या हाती ‘झुंझारराव’ लिहिण्यासाठी ते आले असते काय, हे कोणी सांगू शकत नाही. तीस पौंडांच्या एका नोंदीवर किती मोठा वारसा तोलला गेला, एवढे मात्र सांगता येते. ती नोंद कोणा कारकुनाने तयार केली आणि कोणा अधिकाऱ्याने मंजूर केली. त्यांची नावे आज आपणांस आठवत नाहीत. पुढे कधी असाच हुकूम लिहिण्याची पाळी आपल्यापैकी कोणावर आली, तर बंदीच्या ओळीखाली निर्वाहाची ओळ असावी, आणि तिच्या यादीत दारावर उभ्या राहणाऱ्या माणसाचेही नाव असावे.